उच्च प्राथमिक वर्गांतील संशोधन-प्रकल्प आणि मार्गदर्शकाचे कार्य
(अहमदपूर परिसरातील सोयाबीनच्या उगवण-चाचणीच्या आधारे विवेचन)

१. प्रास्ताविक

इयत्ता सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी ‘प्रकल्प’ करावयाचा असतो, ही गोष्ट आता खेड्यापाड्यांतील शाळांच्याही परिचयाची झाली आहे. महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयान्वये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धती लागू केली, तेव्हा दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, चाचणी, स्वाध्याय इत्यादी साधनांच्या जोडीला प्रकल्पाचाही समावेश करण्यात आला. त्यापूर्वी १९९३ मध्ये राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेचा उपक्रम देशभर सुरू झाला होता. दहा ते सतरा वर्षे वयाच्या मुलांनी लहान गट करून आपल्या परिसरातील एखादा प्रश्न हाती घ्यावा, त्याचा प्रत्यक्ष अभ्यास करावा व निष्कर्ष स्वतःच्या भाषेत मांडावेत, अशी त्यामागील अपेक्षा होती. मूळ कल्पना याहूनही जुनी आहे. अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञ किलपॅट्रिक यांचा प्रकल्प-पद्धतीवरील प्रसिद्ध निबंध १९१८ चा. आणि हाताने करावयाच्या उत्पादक कामातून ज्ञान द्यावे, हा विचार आपल्याकडे १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेने पुढे ठेवला होता.

तथापि ‘प्रकल्प’ या शब्दाचा जितका प्रसार झाला, तितका ‘संशोधन’ या शब्दाचा अर्थ शाळेत पोहोचला आहे, असे म्हणता येत नाही. कित्येकदा प्रकल्प म्हणून जे सादर होते, ते दुकानातून आणलेल्या चित्रांचा तक्ता, पुस्तकातून उतरून काढलेली माहिती किंवा वडीलधाऱ्यांनी रात्र जागून तयार केलेली पुठ्ठ्याची प्रतिकृती असते. या वस्तू निरुपयोगी आहेत असे नव्हे. परंतु त्यांत मुलाने काही शोधलेले नसते. संशोधनाची अगदी साधी कसोटी लावावयाची, तर ती अशी सांगता येईल : ज्या कामाच्या शेवटी उत्तर अपेक्षेहून निराळे येण्याची शक्यता असते, ते संशोधन होय. ज्वालामुखीच्या प्रतिकृतीतून फेस बाहेर येणार, हे आरंभीच ठाऊक असते. तेथे पाहण्याजोगे पुष्कळ असते, शोधण्याजोगे काही नसते.

ही कसोटी मान्य केली, म्हणजे मार्गदर्शकाने मुलाला कोणती मदत करावी व कोणती करू नये, हे ठरविणे सुकर होते. प्रस्तुत लेखात त्याचे विवेचन एका उदाहरणाच्या आधारे केले आहे. हे उदाहरण अहमदपूर तालुक्यातील कोणत्याही शाळेस विनाखर्च हाती घेता येईल असे आहे, आणि त्यातून निघणाऱ्या उत्तराची त्या मुलांच्या घरी खरोखरीच गरज असते.

२. प्रश्नाची निवड

अहमदपूर हा लातूर जिल्ह्याच्या उत्तर भागातील, बालाघाटच्या पठारावरील तालुका. जमीन बव्हंशी काळी, शेती मुख्यतः पावसाच्या भरवशावरची. गेल्या तीसएक वर्षांत येथील खरिपाचे चित्र पालटले असून ज्वारी मागे पडून सोयाबीन पुढे आले आहे. सोयाबीनमध्ये स्वपरागीभवन होत असल्याने सरळ वाणाचे घरचे बियाणे पुन्हा पेरता येते, आणि अनेक शेतकरी तसे करतात. परंतु हे बी फार नाजूक असते. त्याचे टरफल पातळ असते व अंकुर टरफलाच्या अगदी लगत असतो. मळणीयंत्राचे फेरे अधिक झाले, पोते आपटले गेले किंवा थप्पी फार उंच रचली गेली, तर दाणा वरून चांगला दिसूनही उगवत नाही. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्यभर इतक्या झाल्या की, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. दुबार पेरणी म्हणजे बियाणे, खत व मजुरी यांचा दुप्पट खर्च, आणि हातचा गेलेला पहिला ओलावा. या मुलांना ‘दुबार पेरणी’ या शब्दाचा अर्थ शिकवावा लागत नाही.

तेव्हा ‘सोयाबीन’ या विषयावर प्रकल्प करू, असे एखादा गट म्हणेल. येथेच मार्गदर्शकाचे पहिले काम सुरू होते. ‘सोयाबीन’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. विषयावर माहिती गोळा करता येते. उत्तर फक्त प्रश्नालाच मिळते. शिक्षकाने येथे आपला प्रश्न सांगून टाकू नये. मुलांना बोलते करावे. ‘बी का उगवत नाही, असे घरी काय म्हणतात?’ एवढे विचारले तरी पुष्कळ ऐकावयास मिळेल : हमाल पोते आपटतात म्हणून, बी जुने झाले म्हणून, पेरणी खोल गेली म्हणून, दुकानदाराने फसविले म्हणून. यांपैकी ज्या विधानाची परीक्षा आपल्या हाताने, आपल्या शाळेत व ठरावीक दिवसांत करता येईल, ते निवडावे. दुकानदाराने फसविले की नाही, हे सातवीच्या मुलाला तपासता येणार नाही. पोते आपटल्याने उगवण कमी होते की नाही, हे मात्र तपासता येईल. ‘आपटलेले बी न आपटलेल्या बियाण्यापेक्षा कमी उगवते काय?’ हा झाला प्रश्न. त्याचे उत्तर ‘होय’ येऊ शकते, ‘नाही’ येऊ शकते आणि ‘सांगता येत नाही’ असेही येऊ शकते.

३. मोजणीची पद्धती

उगवण तपासण्याची घरगुती रीत कृषी खाते शेतकऱ्यांना दरवर्षी सांगत असते. गोणपाटाचा तुकडा स्वच्छ धुऊन ओला करावा. त्यावर दहा ओळींत दहा-दहा असे १०० दाणे एक ते दोन सेंटिमीटर अंतराने मांडावेत. वर दुसरा ओला तुकडा पसरून त्याची सैल गुंडाळी करावी व ती सावलीत ठेवून ओली राखावी. सहासात दिवसांनी गुंडाळी उलगडून मोड आलेले दाणे मोजावेत. १०० पैकी जितके उगवले तितके टक्के उगवण. प्रमाणित बियाण्यासाठी ७० टक्के ही किमान मर्यादा ठरलेली आहे.

पद्धती इतकी सोपी असली, तरी तीत मुलांच्या हातून सहज घडणाऱ्या तीन गोष्टी उत्तर बिघडवितात. मार्गदर्शकाचा खरा उपयोग येथे आहे.

पहिली गोष्ट दाणे निवडण्याची. १०० दाणे काढ म्हटले की मूल टपोरे, पिवळेधमक दाणे वेचून काढते. शेतात मात्र पाभरीतून बरेवाईट सगळेच दाणे पडतात. म्हणून पोत्याच्या वरून, मधून व तळातून मूठ-मूठ बी घ्यावे, ते एकत्र कालवावे आणि हाताला येईल तो दाणा मांडावा. नमुना म्हणजे काय, हे याहून चांगल्या रीतीने कोणत्याही पाठात समजणार नाही.

दुसरी गोष्ट ‘उगवले’ या शब्दाची. दाणा फुगला म्हणजे उगवला काय? मोड आला, पण वाकडा व तुटका आहे, तो कोणत्या रकान्यात धरावयाचा? हे गुंडाळी उलगडल्यावर ठरविले, तर ज्याच्या घरचे बी आहे त्याच्या मनाप्रमाणे ठरते. म्हणून व्याख्या आरंभीच वहीत लिहून ठेवावी : मूळ व कोंब दोन्ही नीट दिसतील तोच दाणा उगवलेला. शक्य असेल तर एका गटाची गुंडाळी दुसऱ्या गटाने मोजावी, आणि मोजणाऱ्यास ती कोणत्या बियाण्याची आहे हे सांगू नये.

तिसरी गोष्ट एका वेळी एकच बाब बदलण्याची. पियाजे व इनहेल्डर यांनी लंबकाच्या प्रयोगात दाखविले की, लहान मुले दोरीची लांबी व वजन दोन्ही एकदम बदलतात आणि मग फरक कशामुळे पडला हे त्यांना सांगता येत नाही. एक बाब बदलून बाकीच्या स्थिर ठेवण्याची बुद्धी साधारणतः अकराबारा वर्षांच्या पुढे आकार घेऊ लागते. म्हणजे आपण ज्या वयाच्या मुलांविषयी बोलत आहोत, ते नेमके या बुद्धीच्या जडणघडणीचे वय होय. आपटलेले बी एका घरचे व न आपटलेले दुसऱ्या घरचे घेतले, तर प्रयोग फुकट जातो. एकाच पोत्यातील बी कालवून त्याचे दोन भाग करावे. एक भाग लहान पिशवीत भरून ठरावीक उंचीवरून, समजा दीड मीटरवरून, फरशीवर दहा वेळा टाकावा. दुसरा तसाच ठेवावा. गोणपाट, पाणी, जागा व दिवस दोन्हींस सारखे असावेत. ही चूक मुलाच्या ध्यानात आपण होऊन येत नसेल, तर शिक्षकाने उत्तर न सांगता एवढेच विचारावे : ‘फरक आला, तर तो आपटल्यामुळेच आला हे कशावरून?’

४. आकड्यांविषयी संशय

आता या प्रकल्पातील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळू. मुलांनी एकेक गुंडाळी केली. न आपटलेले ७१ उगवले, आपटलेले ६६ उगवले. ‘आपटल्याने उगवण ५ टक्क्यांनी घटते’ असा निष्कर्ष लगेच वहीत उतरतो आणि पुढे तक्त्यावर ठळक अक्षरांत झळकतो. तो खरा आहे काय?

हे पाहण्यासाठी मुलांना प्रथम एकाच बियाण्याच्या चार गुंडाळ्या करावयास सांगाव्यात. बी एक, पाणी एक, जागा एक. तरीही चार आकडे निराळे येतील. समजा ते ७४, ६८, ७१ व ६५ आले. आठवीचा विद्यार्थीही हे पाहून प्रथम गोंधळतो व कोणाचे तरी मोजणे चुकले असे समजतो. मोजणे चुकलेले नसते. ज्या बियाण्याची खरी उगवण ७० टक्के आहे, त्यातील १००-१०० दाण्यांच्या गुंडाळ्या केल्या, तर संभाव्यतेच्या गणिताप्रमाणे साधारणतः चारांपैकी तीन गुंडाळ्यांत ६५ ते ७५ यांच्या दरम्यान दाणे उगवतील, आणि एखादी याच्याही बाहेर जाईल. मग ७१ व ६६ यांतील फरकाला अर्थ काय उरला? एवढा फरक तर एकाच पोत्यात आपोआप पडतो. बीज-परीक्षणाच्या प्रयोगशाळेतही १००-१०० दाण्यांच्या चार आवृत्त्या घेऊन सरासरी काढतात, ती याच कारणासाठी.

आता आपटलेल्या बियाण्याच्याही चार गुंडाळ्या घ्याव्यात. समजा आकडे ६६, ६१, ७० व ५९ आले. पहिल्याची सरासरी ६९.५, दुसऱ्याची ६४. मुलांनी हे आठही आकडे एका रेषेवर ठिपक्यांनी मांडावेत. दोन्हींचे ठिपके काही भागात एकमेकांत मिसळलेले दिसतील. तेव्हा प्रामाणिक निष्कर्ष असा होईल : ‘आपटलेले बी कमी उगवत असावे असे दिसते, परंतु आमच्या गुंडाळ्या थोड्या आहेत, म्हणून खात्रीने सांगता येत नाही. आणखी गुंडाळ्या करून पाहिल्या पाहिजेत.’ हे वाक्य जो गट लिहितो, त्याने संशोधनाचा गाभा ओळखला असे समजावे. प्रमाण विचलन वगैरे संज्ञा या वयात शिकविण्याचे कारण नाही. आकडा डगमगतो, आणि तो किती डगमगतो हे माहीत झाल्याविना दोन आकड्यांची तुलना करता येत नाही, एवढी जाणीव पुरेशी आहे.

येथे मार्गदर्शकाला मोह पडतो. आपटल्याने बियाण्यास इजा होते, हे त्याने वाचलेले असते. मुलांचे आकडे तसे स्पष्ट दाखवीत नाहीत, आणि प्रदर्शन चार दिवसांवर आलेले असते. अशा वेळी ‘७० च्या जागी ६० लिहा’ ही सूचना अगदी सहज तोंडून निघू शकते. तिच्यामुळे तक्ता नीटनेटका होईल, कदाचित बक्षीसही मिळेल. परंतु मोजलेल्या आकड्यापेक्षा मोठ्या माणसांना हवा असलेला आकडा अधिक खरा असतो, हे त्या दिवशी शिकलेले मूल पुढे जन्मभर विसरत नाही. उद्या हेच मूल पावसाची, पीककापणीची किंवा रोजगाराची हजेरी भरणार आहे.

५. दीर्घ मुदतीचा प्रकल्प व ऋतूचा परिणाम

आपटण्याचा प्रयोग पंधरा दिवसांत आटोपतो. ज्या गटास अधिक चिकाटी असेल, त्याने हाच धागा वर्षभर न्यावा. सोयाबीनची मळणी दसरा-दिवाळीच्या सुमारास होते व पेरणी जूनमध्ये. म्हणजे बी सातआठ महिने घरात असते. ‘साठवणीत उगवण महिन्यागणिक किती घटते?’ हा प्रश्न घेऊन नोव्हेंबर, जानेवारी, मार्च व एप्रिलअखेर अशा चार वेळा चाचणी घेता येईल. सोयाबीनच्या १०० दाण्यांचे वजन सुमारे १० ते १३ ग्रॅम भरते. तेव्हा दर वेळी चार गुंडाळ्या धरल्या, तरी चारही वेळांचे मिळून पाव किलोहून कमी बी लागेल.

या प्रकल्पात एक खाचखळगा आहे, आणि शिक्षणाच्या दृष्टीने तोच मोलाचा आहे. जानेवारीतील आकडा कमी भरला व मार्चमधील पुन्हा वाढला, तर मुले बुचकळ्यात पडतील. मेलेले बी पुन्हा जिवंत होत नाही, हे त्यांना कळते. मग आकडा वाढला कसा? एक कारण आपण वर पाहिलेला आकड्यांचा डगमगतेपणा हे असू शकते. दुसरे कारण थंडीचे. थंडीत बी सावकाश उगवते. सातव्या दिवशी न उगवलेले काही दाणे दहाव्या दिवशी उगवतात. म्हणजे बी कमी झाले नव्हते, आपण उलगडण्याची घाई केली होती. ज्या गटाने रोज सकाळचे तापमान, गुंडाळी ठेवल्याची जागा व उलगडल्याची तारीख लिहिली असेल, त्यालाच या दोन कारणांचा विचार करता येईल. ज्याच्या वहीत केवळ टक्केवारी असेल, त्याला येणार नाही. म्हणून प्रकल्पाचा खरा दस्तऐवज तक्ता नसून रोजची वही हा होय. तीत खाडाखोड असावी. चुकलेला आकडा पुसू नये, एका रेघेने खोडावा.

एप्रिलअखेरचा आकडा हाती आला की गणिताच्या तासाची सांगड घालावी. ७० टक्के उगवण असलेले बी एकरी ३० किलो पेरावयाचे, तर ६० टक्के उगवणीचे किती? त्रैराशिकाने ३५ किलो येते. ‘एकरी एक बॅग’ असे घरी म्हणतात. पण बॅग हे माप नव्हे, तीत किती किलो बी आहे हे वजन करून लिहावे. हा आकडा घेऊन मूल घरी जाते, तेव्हा वडील तो ऐकतात की नाही, हाही एक अनुभव आहे. त्याची नोंदही वहीत व्हावी.

६. दोन सामाजिक मर्यादा

वर्गातील सर्वच मुलांच्या घरी बियाण्याचे पोते नसते. भूमिहीन कुटुंबांतील मुले आहेत. दिवाळीनंतर ऊसतोडणीसाठी आईबापांबरोबर गाव सोडणारी मुले मराठवाड्यात आहेत. नोव्हेंबर ते एप्रिल चालणारा प्रकल्प अशा मुलांना आपोआप वगळतो. म्हणून शाळेने वर्षारंभीच, जून ते ऑक्टोबर या काळात पुरे होणारे लहान प्रकल्प आखावेत. सरळ भिंतीच्या सपाट तळाच्या भांड्याने रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजणे हा त्यांतील उत्तम होय. भारतीय हवामान खातेही याच वेळेस मोजणी करते, त्यामुळे तुलना होऊ शकते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी करू नये, असा कृषी खात्याचा सल्ला असतो. आपल्या गावात तो टप्पा कोणत्या तारखेस गाठला गेला, याचे उत्तर जमीन नसलेल्या घरचे मूलही देऊ शकते.

दुसरी मर्यादा माणसांना विचारावयाच्या प्रश्नांची. सर्वेक्षण हा शाळेत फार आवडीचा प्रकार आहे. परंतु कर्ज किती, घरात कोणी आत्महत्या केली काय, ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात कोण गेले, असे प्रश्न बारा वर्षांच्या मुलाच्या हाती देऊन त्यास दारोदार पाठवू नये. उत्तर देणाऱ्याचे दुःख उघडे पडते आणि ऐकणाऱ्या मुलाला ते पेलत नाही. उगवणीच्या प्रकल्पातही घरमालकाचे नाव न लिहिता ‘घर क्रमांक १’, ‘घर क्रमांक २’ असे लिहावे. आपले बी कमी उगवले, हे गावासमोर वाचले जाणे कोणासही आवडणार नाही.

७. मार्गदर्शकाच्या मदतीची सीमा

वरील विवेचनावरून मदतीची वाटणी अशी करता येईल. विषयातून प्रश्न काढणे, मोजण्याची रीत दाखविणे, वही रोज पाहणे व ‘हे कशावरून?’ असे वारंवार विचारणे, ही कामे शिक्षकाची. प्रश्न निवडणे, मोजणे, लिहिणे व निष्कर्ष काढणे, ही कामे मुलांची. अहवालाची भाषाही मुलांचीच राहू द्यावी. ‘बी नासलं’ असे मुलाने लिहिले असेल, तर तेथे ‘बीजाची अंकुरणक्षमता लोप पावली’ असे घालण्याचे काही कारण नाही. ‘नासलं म्हणजे किती दाणे?’ असे विचारावे. भाषा न बदलता विधान काटेकोर होईल.

मूल्यमापनातही तदनुरूप बदल हवा. तक्त्याच्या सजावटीस गुण असू नयेत. वही रोजची आहे काय, नमुना निवडून घेतला की कालवून, चाचणी पुन्हा करून पाहिली काय, आणि निष्कर्ष आकड्यांपेक्षा पुढे तर गेला नाही ना, या चार गोष्टींना गुण द्यावेत. ‘फरक आढळला नाही’ असे लिहिणाऱ्या गटास, बाकी सर्व नीट असेल तर, पूर्ण गुण मिळाले पाहिजेत. हा एक नियम शाळेने पाळला, तरी आकडे बदलण्याचे कारणच नाहीसे होईल.

विद्यापीठाच्या विभागांना व अध्यापक महाविद्यालयांना यात करण्याजोगे एक काम आहे. छात्राध्यापक शाळांतून अध्यापनाच्या सरावासाठी जातात, तेव्हा त्यांनी पाठ घेण्याबरोबरच एका गटाची वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सांभाळावी. तालुक्यातील दहा शाळांनी एकाच पद्धतीने, प्रत्येकी चार गुंडाळ्यांची एप्रिलअखेरची उगवण मोजली, तर चार हजार दाण्यांची नोंद हाती येईल. जूनच्या पेरणीपूर्वी तिचा उपयोग तालुका कृषी कार्यालयास होऊ शकेल. मात्र ती नोंद वापरण्याजोगी ठरावयाची असेल, तर दहाही शाळांतील मुलांनी जे मोजले तेच लिहिलेले असले पाहिजे.